वणवा विझवायला निघण्याआधी: बेळगाव-खानापूरच्या रानासाठी

आपल्याकडच्या वणव्याची तयारी पावसाळाच करून ठेवतो. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस कोसळतो, डोंगरउतारावर गवत कमरेला लागतं, दिवाळीनंतर ते पिवळं पडतं आणि संक्रांतीपर्यंत कडकडीत वाळतं. मग शिमग्याच्या आसपास कुणीतरी काडी टाकतो. कुणी काजूच्या बागेतला पालापाचोळा पेटवून चहाला जातो, कुणी उसाचं पाचट जाळताना बांधापलीकडे बघत नाही, कुणी बिडी फेकतो. काही जण तर नवं गवत लवकर फुटावं म्हणून जाणूनबुजून लावतात. गवत लवकर फुटतं हे खोटं नाही. पण त्या चार दिवसांच्या हिरव्या कोंबांपायी कोवळी झाडं जातात आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या जोराच्या पावसात ओढ्यात उतरते. हा हिशेब गावात मांडायला गेलात तर भांडण ठरलेलं आहे. ते आग विझल्यावर मांडा.

हा लेख गावच्या मंडळातली पोरं, रविवारी राजहंसगडावर किंवा चोर्ल्याच्या बाजूला भटकायला जाणारी मंडळी आणि नुकतीच इकडे जमीन घेतलेली शहरातली माणसं यांच्यासाठी आहे. धूर दिसला की धावत सुटायची हौस सगळ्यांनाच असते. माझं म्हणणं एवढंच, की आग आता कुठे आहे यापेक्षा ती अर्ध्या तासाने कुठे असेल हे आधी बघायला शिका. झोडपणं, पाणी, ब्लोअर हे सगळं त्यानंतरचं.

आगीचा कल ओळखणं

वाऱ्यावर पेटलेल्या गवताच्या आगीला तोंड असतं, दोन कुशी असतात आणि शेपूट असतं. वारा जिकडे ढकलतो तिकडे पळणारी बाजू म्हणजे तोंड. तिथे जाळ सगळ्यात उंच आणि पुढे झुकलेला असतो. दोन्ही बाजूंना आडवी पसरणारी आग म्हणजे कुशी. जिथून आग सुरू झाली तिथे ती वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरपटत असते, ते शेपूट. नवख्या माणसाचं लक्ष जातं तोंडाकडे, कारण आवाज तिथे, उजेड तिथे. नवख्याचं काम मात्र शेपटाशी आणि कुशीवर.

वेगाचा अंदाज घ्यायला एक ढोबळ हिशेब आहे. कडक वाळलेल्या मोकळ्या गवतात, जोराचा वारा असेल तर आगीचं तोंड वाऱ्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या हिश्शाने पुढे सरकतं. वारा ताशी 30 किलोमीटरचा असेल तर आग ताशी 6 ने, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. हे सपाटीवर. चढावर ज्वाळा वरच्या गवताला आधीच भाजून काढतात, त्यामुळे उताराच्या दर 10 अंशांमागे वेग अंदाजे दुप्पट होतो. म्हणजे साध्याशा चढावरही तीच आग ताशी 12 ने वर येणार. कमरेएवढ्या गवतातून, पाठीवर ओझं घेऊन, चढावर त्या वेगाने कुणी पळू शकत नाही. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला, तिच्या आणि माथ्याच्या मध्ये, कधीही उभं राहायचं नाही. उतारावरून खाली येणारी आग त्या मानाने संथ असते. पण पेटलेला ओंडका किंवा दगड गडगडत खाली आला की तुमच्याही खाली नवी आग लागते, हे ध्यानात असू द्या.

आता आपल्या वाऱ्याबद्दल. उन्हाळ्यात पहाटे आणि सकाळी हवा बहुधा पडलेली असते. गवतावर थोडा ओलावा असतो, आग सुस्त असते. ऊन चढलं की वारा उठतो, आणि दुपारनंतर घाटाकडून पश्चिमेचा वारा जोर धरतो. सकाळी नऊला जी आग चार जण फांदीने मारू शकतात, तीच दुपारी दोनला चाळीस जणांना आवरत नाही. रात्रीची धुमसती आग सापडली तर पहाटेची वेळ साधा.

सगळ्यात घातक वारा मात्र वळवाचा. एप्रिलमध्ये दुपारी पूर्वेकडे काळे ढग उभे राहतात, गडगडतं, लोक म्हणतात बरं झालं, पाऊस आला की विझेल. पाऊस येण्याआधी त्या ढगातून खाली कोसळणारा गार वारा येतो, आणि तो सकाळपासूनच्या वाऱ्याशी काटकोनात किंवा उलटही असू शकतो. तोवर जी आगीची लांबच लांब शांत कूस होती, तीच एका क्षणात तोंड होते, आणि नेमके त्याच कुशीवर आपले लोक ओळीने उभे असतात. ढग गडगडताना ऐकू आले किंवा अंगाला एकदम गार झुळूक लागली, की हातातलं काम टाकून जळालेल्या भागात यायचं. पाऊस पडला तर काम आपोआप होईल.

जायचं की नाही

पहिलं काम फोनचं. 112 वर सांगा, अग्निशामक दलाला 101 वर सांगा, आणि त्या भागातल्या वनरक्षकाचा नंबर जानेवारीतच गावातल्या दोन-चार जणांच्या फोनमध्ये असला पाहिजे. ‘डोंगराला आग लागली’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही. गावाचं नाव, शिवाराचं नाव, जवळचं देऊळ किंवा पाण्याची टाकी, आग कुठल्या दिशेला सरकते आहे, तिच्या वाटेत घरं, गोठे, गंज्या आहेत का, आणि गाडी कुठपर्यंत येते हे सांगा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि बंब ओढ्यापलीकडे अडकून पडतो.

उपग्रहावरून आग कळते म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या आधारे आगीचे संदेश पाठवतं, नाव नोंदवलं तर तुम्हालाही ते मिळतात, सोय उत्तम आहे. पण ज्या उपग्रहांवर हे मुख्यतः चालतं ते आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीड-दोनच्या सुमाराला जातात, आणि त्यांचा एक ठिपका 375 मीटरचा असतो. तीन वाजता लागलेली आग संध्याकाळपर्यंत अर्धा डोंगर खाऊन झालेली असते. धूर बघणाऱ्या गुराख्याचा फोन त्याच्या कितीतरी आधी येतो.

सीमेचा एक घोळ आपल्याच नशिबी आहे. वैजनाथाच्या डोंगराच्या आसपास एक शिवार बेळगावात, पलीकडचं चंदगड तालुक्यात. चोर्ल्याच्या बाजूला तर गोवाही येऊन भिडतो. वनखाती वेगळी, नंबर वेगळे. आग हद्दीजवळ असेल तर दोन्हीकडे कळवा आणि दोन्हीकडे कळवलंय हेही दोघांना सांगा, नाहीतर जो तो दुसरा बघेल म्हणून बसतो.

भीमगड अभयारण्याची हद्द असेल तर परवानगीशिवाय आत शिरू नका. 2011 मध्ये जाहीर झालेलं, खानापूर तालुक्यातलं सुमारे 190 चौरस किलोमीटरचं हे रान आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 30 व्या कलमानुसार अभयारण्यात आग लावणं हा गुन्हा आहे, आणि आगीच्या वेळी हातात काडीपेटी घेऊन रानात सापडलेल्या माणसाला आपण विझवायलाच आलो होतो हे पटवून देणं जड जातं. वनखात्याच्या माणसांबरोबर जा.

मग जाळाकडे बघा. ज्वाळा कमरेच्या वर, म्हणजे साधारण चार फुटांच्या वर असतील तर हाताने झोडपून विझवायचा विचार सोडा. जवळ उभंच राहवत नाही आणि राहिलं तरी उपयोग होत नाही. तिथे लांबून पट्टा काढायचा, नाहीतर बाजूला व्हायचं. घर किंवा गोठा वाटेत नसेल तर बाजूला होण्यात काहीही कमीपणा नाही. गवत पुढच्या पावसाळ्यात परत येतं.

अंगावर काय, हातात काय

सुती कपडे, पूर्ण बाह्या, जाड जीन्स, चामड्याचे बूट. मंडळाचा नायलॉनचा टी-शर्ट किंवा क्रिकेटची जर्सी घालून कुणी आला तर त्याला पाण्याची कळशी देऊन रस्त्यावर उभा करा. ते कापड तापलं की वितळून कातडीला चिकटतं आणि डॉक्टरला ते सोलून काढावं लागतं. चप्पल घातलेल्यालाही तोच नियम. डोक्याला सुती टॉवेल, डोळ्यांना साधा चष्मा असला तरी चालेल. नाका-तोंडावर कोरडं सुती फडकं बांधा. ओलं फडकं बरं वाटतं, पण जाळाजवळ त्याची वाफ होऊन तोंड भाजू शकतं. आणि फडक्याने राख अडते, विषारी वायू अडत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर त्याला लगेच मोकळ्या हवेत काढा.

हत्यारं साधीच. कोयता, खोरं, कुऱ्हाड, दाताळं, गोणपाट. पाठीवरचा फवारणीचा पंप फार कामाचा. 16 लिटर पाणी बसतं, म्हणजे पाठीवर 16 किलोचं ओझं, तेव्हा धडधाकट माणसाकडेच द्या. पंप आधी तीन-चार वेळा स्वच्छ धुवून घ्या. पिकावरच्या कित्येक औषधांत पेट्रोलियमचा द्रावक असतो. तो तळाला राहिला तर विझवायच्या नादात तुम्ही इंधन फवारताय, आणि वर त्याची विषारी वाफ हुंगताय. लीफ ब्लोअर वनखात्याकडे असतात. काजू, साग, अकेशियाखालचा पाला बाजूला सारायला त्यासारखं दुसरं काही नाही, उभ्या गवतात मात्र त्याचा फारसा जोर चालत नाही. पेट्रोलचा कॅन घेऊन आगीजवळ टाकी भरू नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

पिण्याचं पाणी माणशी निदान तीन-चार लिटर. आगीवर मारायचं पाणी संपलं तर कामाची पद्धत बदलते. प्यायचं पाणी संपलं तर परत फिरायचं.

कुठून सुरू करायचं

सुरुवात अशा जागेवरून करा जिथे आग तुमच्या मागे येऊच शकत नाही. आपल्या घाटमाथ्यावर ही देणगी आहे: जांभ्याचे सडे. एप्रिलमध्ये सडा कोरडाठाक, उघडा खडक असतो, जळायला काहीच नसतं. तसंच नांगरून टाकलेलं भाताचं खाचर, डांबरी रस्ता, रुंद गाडीवाट, नदीचं पात्र. उभ्या उसाच्या कडेला आसरा घेऊ नका. हिरवा दिसला तरी खाली वाळलेलं पाचट असतं. शेपटाजवळची अशी एखादी जागा धरा आणि तिथून एका कुशीला चिकटून तोंडाच्या दिशेने सरकत जा. माणसं पुरेशी असतील तर दोन्ही कुशींवर दोन तुकड्या. दोन्ही बाजूंनी आवळत गेलं की तोंड अरुंद होत जातं आणि शेवटी रस्त्याला किंवा सड्याला जाऊन मरतं.

काम करताना एक पाय जळालेल्या भागात, निदान दोन पावलांवर तरी काळी जमीन असली पाहिजे. हा नियम सगळ्यांत मोठा. बिघडलंच तर तुम्हाला कुठे जायचं हे विचार करायला लागू नये.

एक माणूस उंचावर, सुरक्षित ठिकाणी, नुसता बघायला ठेवा. त्याने हात लावायचा नाही. वारा, ढग, ठिणग्या कुठे पडल्या हे त्याने बघायचं आणि शिट्टी मारायची. रानात रेंज नसते, तेव्हा शिट्टीच खरी. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा आणि बघा, तुटक-तुटक शिट्ट्या म्हणजे काळ्यात या. हे निघतानाच ठरवा. खात्याची बरीच माणसं कन्नड बोलणारी असतात. धुरात, आवाजात भाषांतराला वेळ नसतो, म्हणून चार शब्द सगळ्यांच्या कानात बसलेले असू द्या: बेंकी म्हणजे आग, गाळी म्हणजे वारा, ‘हिंदक बर्री’ म्हणजे मागे या, ‘ओडी’ म्हणजे पळा. वनरक्षक ‘ओडी’ म्हणाला की का म्हणून विचारत उभं राहू नका.

झोडपायची रीत

फांदी हिरवी, पानाळ, हाताच्या अंगठ्याएवढ्या बुंध्याची, पाच-सहा फुटांची हवी. मार्चमध्ये ऐन, साग यांची पानं गळलेली असतात. जांभूळ, आंबा, अंजनी यांची घ्या. एकाच झाडाला ओरबाडू नका.

नवा माणूस फांदी डोक्यावर नेतो आणि धाडकन आपटतो. प्रत्येक फटक्याला वारा लागतो, ठिणग्या चहूकडे उडतात, पाठीमागच्या वाळल्या गवतात चार नव्या आगी लागतात आणि दहा मिनिटांत त्याचा खांदा उतरतो. फांदी गुडघ्याच्या वर उचलायची नाही. ज्वाळेच्या बुडाशी तिरकी टेकवायची, दाबायची, क्षणभर दाबून ठेवायची, आणि न जळालेल्या बाजूकडून जळालेल्या बाजूकडे ओढायची. ठिणग्या काळ्या भागात गेल्या पाहिजेत. हाताला एक लय सापडते: टेकव, दाब, ओढ. पानं सुकून करपली की फांदी बदला. ओलं गोणपाटही याच रीतीने वापरायचं.

तिघांची ओळ लावा. पहिला ज्वाळा पाडत पुढे जातो, दुसरा मागे राहिलेल्या पेटत्या बुडख्या मारतो, तिसरा पंप किंवा गोणपाट घेऊन धुमसणाऱ्या जागा ओल्या करतो आणि पाठीमागे नजर ठेवतो. दर काही मिनिटांनी पहिल्याने मागे यायचं. पहिल्या माणसाला स्वतःहून मागे यायची लाज वाटते, म्हणून हाक तिसऱ्याने द्यायची. पाणी ज्वाळेच्या शेंड्यावर उडवू नका, बुडाला मारा, आणि जाळ फांदीने पाडल्यावर मारा. 16 लिटर तेव्हाच पुरतात.

हे सगळं गवतापुरतं. रानमोडी, घाणेरी, करवंदीच्या जाळ्या पेटल्या की ज्वाळा एकदम डोक्याच्या वर जातात. रानमोडीची वाळलेली झुडपं उन्हाळ्यात नुसता भडका करतात. बांबूच्या बेटात पेरं फुटून निखारे उडतात. निलगिरीच्या सुटलेल्या साली पेटून वाऱ्यावर लांब जाऊन पडतात. झुडुपांची अशी पट्टी पुढे दिसली तर तिच्यात आग शिरायच्या आधीच आपण तिच्या अलीकडे मोकळं गवत असतानाच काम संपवायचं, नाहीतर तिच्या पलीकडच्या वाटेवर जाऊन थांबायचं. मध्ये नाही.

पट्टा काढणं

तोंडापुढे उभं राहणं जमत नसेल तर लांबवर गवत कापून, खरवडून माती उघडी पाडायची. असलेल्या वाटेचा आधार घ्या. ढोरवाट, गाडीवाट, ओहोळ, बांध यांना जोडत गेलं तर निम्मं काम वाचतं. रुंदी गुडघाभर गवतात निदान दहा फूट, उंच गवतात आणि वाऱ्यात त्याच्या दुप्पट. नुसतं गवत कापून तिथेच टाकलं तर तो पट्टा नाही, ते वाळलेल्या गवताचं अंथरूण आहे. कापलेलं सगळं आगीच्या विरुद्ध बाजूला, लांब न्या. आणि पट्टा पूर्ण व्हायला किती वेळ लागेल आणि आग किती वेळात येईल याचा हिशेब आधी करा. अर्धा पट्टा काहीच अडवत नाही. ट्रॅक्टर मिळाला तर सपाटीवर नांगराच्या किंवा रोटावेटरच्या दोन फेऱ्या वीस माणसांचं काम करतात, फक्त चालकाला एकटं सोडू नका. उतारावर ट्रॅक्टर नको.

पट्ट्यावरून आगीच्या दिशेने उलटा जाळ सोडायची पद्धत आहे, वनखात्यातले लोक तिला काउंटर फायर म्हणतात. वारा, वेळ, माणसं सगळं जमलं तरच ती लागू पडते. तुम्ही ती करायची नाही. गावातला कुणी म्हातारा ‘आम्ही असंच करायचो’ म्हणाला तरी नाही. त्याला जमत असेलही, पण दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन ठिकाणी काड्या ओढल्या की मधली माणसं अडकतात.

खरं तर ही पट्टी जानेवारीतच काढायची असते. वनखातं जाळरेषा त्याच सुमारास काढतं. काजूबागेच्या पश्चिमेला आणि खालच्या अंगाला, कारण आग बहुतेक तिकडूनच चढते, पंधरा-वीस फुटांचा पट्टा पाला झाडून साफ ठेवला, गंजी गोठ्यापासून लांब रचली आणि घराच्या कौलांवरचा पाला काढला तर मार्चमध्ये हा लेख वाचायची वेळ कमी येईल. मंडळाने जत्रेच्या वर्गणीतून एक दिवस याला दिला तर देवही रागावणार नाही.

पळायची वेळ आली तर

11 मार्च 2018 ला तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गवताच्या उतारावर ट्रेकला गेलेली मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून जास्त जीव गेले. फेब्रुवारी 2020 मध्ये केरळात त्रिशूर जिल्ह्यात आग विझवायला गेलेले तीन वनकर्मचारी मृत्युमुखी पडले. ते नवखे नव्हते.

चढावर पळू नका. घळीत, ओहोळाच्या अरुंद चिरेत शिरू नका. तिथे पाणी असेल या आशेने लोक जातात, पण उन्हाळ्यात ती कोरडी असते आणि धूर-ज्वाळा धुराड्यातल्यासारख्या तिच्यातूनच वर ओढल्या जातात. जवळची जागा म्हणजे जळालेला भाग. कुशीवर ज्वाळा गुडघ्याएवढ्या असतील तिथून, तोंड झाकून, श्वास रोखून दोन-तीन ढांगांत पलीकडे काळ्यात जाता येतं. तोंडातून असा प्रयत्न करू नका, तिथली ज्वाळेची पट्टी किती जाड आहे ते समोरून कळत नाही.

5 ऑगस्ट 1949 ला अमेरिकेतल्या मोंटानात मॅन गल्च नावाच्या घळीत गवताची आग मागे लागली तेव्हा तुकडीचा म्होरक्या वॅगनर डॉज याने पळता पळता थांबून आपल्यासमोरचंच गवत पेटवलं आणि त्या जळालेल्या राखेत पालथा पडून राहिला. आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, तो वाचला. बाकीच्यांना त्याने हाका मारल्या, पण त्याचं डोकं फिरलं असं वाटून ते चढावर पळत राहिले. 13 जण मेले. शेवटचा उपाय म्हणून ही गोष्ट माहीत असावी. तुमची तिथवर वेळ येऊ नये म्हणून वरचं सगळं सांगितलं.

मोकळ्या जागेत थांबायचं झालं तर ज्वाळेच्या उंचीच्या निदान चौपट अंतर चहूबाजूंनी हवं, वारा किंवा चढ असेल तर बरंच जास्त. गाड्या येतानाच तोंड बाहेर करून, किल्ली आत ठेवून, रस्त्यावर लावा. गवतात उभी केलेल्या मोटरसायकलचा तापलेला सायलेन्सर स्वतःच आग लावू शकतो.

आणखी तीन धोके. हेस्कॉमच्या तारांखाली दाट धुरात उभं राहू नका आणि पाणी मारू नका. आधी फोन करून लाइन बंद करून घ्या. आग्या मोहोळाचं झाड दिसलं तर त्या बाजूचं काम सोडा. आणि रानातून गवा, अस्वल, डुक्कर बाहेर पळत आले तर त्यांची वाट मोकळी ठेवा. मोबाइल काढून आडवं उभं राहणारा एक तरी असतोच, त्याला खेचा.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट काही नाही. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आधी काढा, स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा आणि 108 ला फोन करा. चेहरा भाजला, नाकातले केस जळाले किंवा आवाज बसला तर माणूस चालता-बोलता दिसला तरी दवाखान्यात न्याच, श्वासनलिका नंतर सुजते.

विझल्यानंतरचं खरं काम

ज्वाळा गेल्या की फोटो काढून सगळे घरी जातात. दुसऱ्या दिवशी अकराला वारा उठतो आणि त्याच डोंगरावर परत धूर. लोक म्हणतात कुणीतरी पुन्हा लावली. बहुतेक वेळा कुणी लावलेली नसते, ती विझलेलीच नसते.

कडेने पूर्ण फेरी मारा, आणि कडेपासून आत तीस-चाळीस पावलांपर्यंतचं सगळं तपासा. वाळलेलं शेण बघा. आपल्या कुरणात ते जागोजागी पडलेलं असतं, वरून राखाडी, थंड दिसतं, काठीने उलटवलं की खाली लाल निखारा. असं एक वाळलेलं शेण तासन्‌तास धुमसतं आणि वाऱ्याने कडेला गडगडलं की संपलं. प्रत्येक उलटवून फोडा, पाणी मारा, मातीत मिसळा. तोडलेल्या झाडांचे बुंधे, पोकळ खोडं आणि जमिनीखाली मुळांतून सरकणारी आग हे दुसरं. बुंध्याभोवती खणून हाताची पाठ जवळ न्या, बोटं थेट घालू नका. ऊब लागली तर अजून पाणी. पाणी नसेल तर निखारे पसरून कोरडी माती कालवत राहा. नुसती माती वर टाकून झाकलं तर आत भट्टी चालू राहते. कडेजवळचं पेटलेलं वठलेलं झाड असेल तर त्याच्या उंचीच्या दीडपट अंतरावर राहा आणि पाडायचं काम खात्यावर सोपवा. आगीत बुडखा जळालेलं झाड आवाज न करता पडतं.

उतारावर जळका ओंडका आडवा असेल तर तो उभा, उताराच्या दिशेने फिरवून ठेवा किंवा मागे दगड लावा, म्हणजे रात्री गडगडणार नाही.

रात्री दोघांना पाळीवर ठेवा, अंधारात निखारे चांगले दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत, वारा उठायच्या आधी, पाठीवर भरलेला पंप घेऊन परत फेरी मारा. मग दुपारी एकदा, आणि तिसऱ्या दिवशीही दुपारी. बाग किंवा गोठा जळाला असेल तर काही हलवायच्या आधी फोटो काढा आणि तलाठी, वनरक्षक यांच्याकडून पंचनामा करून घ्या. राख साफ केल्यावर पंचनाम्याला काही उरत नाही.